आईवडील आणि शाळकरी मुलीसोबत रेल्वेने स्वित्झर्लंड: नऊ रात्री कशा आखाव्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेच्या शेवटी नऊ रात्री, तुम्ही दोघं, दहा वर्षांची लेक, आणि साठी ओलांडलेले आईवडील. आईंचे गुडघे दुखतात, वडिलांना रेल्वेचं वेड, लेकीला किल्ले बघायचेत. एजंटने झुरिक, ल्युसर्न, एंगेलबर्ग, इंटरलाकेन, झेरमाट, सेंट मॉरिट्झ असे सहा मुक्काम दिलेत आणि ग्लेशियर एक्स्प्रेसचं आरक्षण 'आत्ताच करा' म्हणून मागे लागलाय. हे बरोबर आहे का, स्विस ट्रॅव्हल पास हा रेल्वेचा पास घ्यावा का, आणि काय गाळावं?

मी बरीच वर्षं मराठी कुटुंबांचे स्विस प्रवास आखून देते आहे, त्या अनुभवावरून सांगते. सहा मुक्काम मोडा, तीन ठेवा. नऊ रात्रींत सहा हॉटेलं म्हणजे दर दीड दिवसाला बॅगा भरायच्या, दहाला खोली सोडायची आणि तीनपर्यंत पुढची मिळायची वाट बघायची. ज्या देशात दर अर्ध्या-एक तासाला गाडी आहे, तिथे सामान एका जागी ठेवून रोज रिकाम्या हाताने हिंडणं सगळ्यात सुखाचं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. देखावा असतो तो मार्गाचा, गाडीच्या नावाचा नव्हे. काचेच्या छताच्या, नाव असलेल्या गाड्या ज्या रुळांवरून जातात त्याच रुळांवरून साध्या गाड्याही धावतात. तेच पूल, तेच बोगदे, तेच बर्फ. साध्या गाडीला आरक्षण लागत नाही, वाटलं तिथे उतरता येतं, आणि सकाळी ढग दिसले तर बेत दुसऱ्या दिवसावर ढकलता येतो. पाच माणसांच्या आरक्षणाचे पैसे वाचतात हे वेगळंच. महिनाभर आधी तारीख पक्की केलेल्या गाडीत बसून आठ तास धुकं बघणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, म्हणून हे कळकळीने सांगते.

तुमच्यासाठी मी हा आराखडा करेन: झुरिकला उतरा, तिथून थेट कूर, दोन रात्री. मग श्पीत्स, चार रात्री. शेवटी माँत्रो, तीन रात्री, आणि परतीचं विमान जिनिव्हाहून. येण्याजाण्याचे विमानतळ वेगळे ठेवले की उलट्या प्रवासाचा अख्खा दिवस वाचतो.

झुरिकहून कूर सव्वा तासावर. हे गाव निवडलं ते ऱ्हेटियन रेल्वेसाठी. वडिलांना एकच दिवस द्यायचा असेल तर तो हा. कूरहून थोडं पुढे थुसिस लागतं; तिथून आल्बुला आणि पुढे बेर्निना मार्गाने इटलीतल्या तिरानोपर्यंतचा लोहमार्ग 2008 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. उन्हाळ्यात भारतापेक्षा साडेतीन तास मागे असल्यामुळे पहिल्या सकाळी तुम्हा सगळ्यांना पहाटे चारलाच जाग येणार आहे. ती वाया घालवू नका, लवकरची गाडी पकडा.

जाताना उजव्या हाताच्या खिडक्या धरा. फिलिझूर स्टेशनच्या जरा आधी लांडवासर पूल येतो: 65 मीटर उंच, 136 मीटर लांब, सहा कमानी, आणि सगळा वळणात. गाडी वळत असल्यामुळे आपल्याच गाडीचे पुढचे डबे पुलावर चढलेले दिसतात, आणि पूल संपतो तो थेट उभ्या कड्यात. डबे एकामागून एक त्या भोकात गडप होत जातात. 1902 साली बांधलेल्या या पुलाचे मधले उंच खांब परांची न बांधता, आत लोखंडी मनोरे उभे करून वर नेलेले आहेत. दरीच्या तळाकडे बघितलं की हे का करावं लागलं असेल ते लगेच कळतं. याच मार्गावर 2022 च्या ऑक्टोबरमध्ये शंभर डब्यांची, जवळजवळ दोन किलोमीटर लांब प्रवासी गाडी चालवून जागतिक विक्रम केला होता.

पुढे सामेदान किंवा पोन्त्रेसिनाला गाडी बदलून बेर्निना मार्ग लागतो. 1910 साली पूर्ण झालेला हा मार्ग तिरानोच्या 429 मीटरवरून ओस्पिझियो बेर्निनाच्या 2,253 मीटरपर्यंत चढतो, शंभर मीटरमागे सात मीटर, आणि तेही दातेरी रुळाशिवाय, निव्वळ चाक आणि रूळ यांच्या पकडीवर. वडिलांना हे आधी सांगून ठेवा, प्रवासभर त्यांना विषय पुरेल. माथ्यावर दोन तळी आहेत. काळ्या तळ्याचं पाणी इन आणि डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला जातं, शेजारच्या पांढऱ्या तळ्याचं पो नदीतून एड्रियाटिकला. मेच्या शेवटी दोन्ही बर्फाखाली असण्याची शक्यता बरीच आहे, तशीही ती सुंदर दिसतात.

तिरानोपर्यंत जाऊन परत यायचं तर गाडीतच आठ तासांवर जातात. आईंसाठी मी आल्प ग्र्यूमलाच उतरायला सांगेन. इथे गाडीरस्ता येत नाही, फक्त रेल्वे आणि पायवाट. स्टेशनच्याच इमारतीत खानावळ आहे, समोर पाल्यू हिमनदी आणि खाली पोस्कियावोची हिरवी दरी. तासभर बसा आणि परत फिरा. यात ब्रुझिओचा गोल पूल हुकतो, जिथे उतार कमी करण्यासाठी रूळ स्वतःभोवती एक पूर्ण वेढा घेतात. वडील आणि लेक यांना तो बघायचाच असेल तर त्या दोघांना एकजण घेऊन पुढे जाऊ द्या आणि बाकीचे आल्प ग्र्यूमहून सावकाश परता. पास प्रत्येकाचा स्वतंत्र असतो, सगळ्यांनी एकत्रच हिंडलं पाहिजे असं नाही.

आता ग्लेशियर एक्स्प्रेस. झेरमाट ते सेंट मॉरिट्झ, सुमारे आठ तास, 291 पूल आणि 91 बोगदे. गाडी छान आहे, जेवण जागेवर येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण लोकांना जे सांगितलं जात नाही ते असं की ज्या ऱ्होन हिमनदीवरून गाडीला हे नाव पडलं ती आता या गाडीतून दिसत नाही. 1982 साली फुर्काचा पंधरा किलोमीटरचा बोगदा झाला आणि गाडी डोंगराच्या पोटातून जाऊ लागली. जुन्या खिंडीतल्या रुळांवर उन्हाळ्यात हौशी मंडळी वाफेची गाडी चालवतात, पण ती मेमध्ये सुरू झालेली नसते.

आणि या मार्गाचा मधला, सर्वात देखणा भाग तुम्हाला मुक्काम बदलण्याच्या दिवशी आपोआप मिळतो. कूरहून श्पीत्सला जाताना मोबाइल अ‍ॅप तुम्हाला झुरिक-बर्नवरून पाठवेल, कारण ते जलद आहे. ते ऐकू नका. कूर, डिसेंटिस, आंडरमाट, ब्रिग, श्पीत्स असं जा. डिसेंटिस, आंडरमाट आणि ब्रिगला गाडी बदलावी लागते, दिवसातले सहाएक तास जातात, आणि त्यातला कंटाळवाणा तास मला तरी आठवत नाही. कूर सोडल्यावर थोड्याच वेळात ऱ्हाइनची घळ लागते. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी फ्लिम्सजवळ अख्खा डोंगर कोसळला, नदी अडली, आणि मग तिने त्या ढिगाऱ्यातून वाट कोरली. दोन्ही बाजूंना पांढरे, भुगा झालेल्या दगडाचे कडे, आणि त्यांच्या पायथ्याशी नदी, रूळ. दुसरं काहीच मावत नाही, रस्तासुद्धा नाही. मग ऱ्हाइनच्याच काठाने तिच्या उगमाकडे चढत जायचं. 2,033 मीटरवरचा ओबराल्प घाट ओलांडायचा, तिथे मेमध्ये रुळांच्या दोन्ही अंगांना बर्फाचे ढीग असतात. आंडरमाटला उतरायचं, फुर्काचा बोगदा पार करायचा, आणि बाहेर येताच सोबतीला ऱ्होन नदी. सकाळची नदी उत्तर समुद्राला जाणारी होती, दुपारची भूमध्य समुद्राला जाणारी. हीच ऱ्होन पुढे जिनिव्हा सरोवराला मिळते, आणि तुमचा तिसरा मुक्काम त्याच काठावर आहे.

सामानाची काळजी वाटत असेल तर मोठ्या बॅगा स्टेशनवरून पुढच्या स्टेशनला आधी पाठवण्याची रेल्वेची सोय आहे. तीन गाड्या बदलण्याच्या दिवशी आईवडिलांच्या हातात फक्त पिशवी असावी.

श्पीत्स का, इंटरलाकेन का नाही? इंटरलाकेनला हॉटेलं महाग, गर्दी जास्त. श्पीत्स तिथून वीस मिनिटांवर, आणि ते जंक्शन आहे. बर्न, झेरमाट, इंटरलाकेन, माँत्रो, चारही दिशांना इथून गाडी मिळते. शिवाय गावाचा स्वतःचा किल्ला आहे, तळ्याच्या काठावर, द्राक्षमळ्यांच्या खाली. एकच अडचण: स्टेशन उंचावर आहे आणि तळं बरंच खाली. त्याबद्दल शेवटी सांगते.

या चार रात्रींमधले तीन मोकळे दिवस तारखेने बांधू नका, हवेने बांधा. स्वित्झर्लंडच्या बहुतेक प्रत्येक शिखरावर कॅमेरा आहे आणि त्याचं चित्र फोनवर थेट दिसतं. सकाळी चहा घेताना आधी ते बघायचं. खाली ढग आणि वर लख्ख ऊन असंही अनेकदा असतं, म्हणून खिडकीतून बाहेर बघून ठरवू नका. सर्वात स्वच्छ दिवस युंगफ्राऊला किंवा गोर्नरग्राटला द्या, मध्यम दिवस दऱ्या आणि धबधब्यांना, पावसाचा दिवस किल्ल्यांना.

युंगफ्राऊ की गोर्नरग्राट? दोन्हीपैकी एकच करा, आणि हे मी पैशांपुरतं म्हणत नाही. युंगफ्राऊयोख, म्हणजे वरचं स्टेशन, 3,454 मीटरवर आहे. 1896 साली काम सुरू झालं, आडोल्फ ग्वायर-झेलर या उद्योजकाने ते सुरू केलं आणि तीनच वर्षांत तो गेला. गाडी वर पोचायला 1912 उजाडलं. आयगर आणि म्योंख या दोन शिखरांच्या पोटातून सुमारे सात किलोमीटरचा बोगदा, आणि वर आलेत्श नावाच्या हिमनदीचा उगम, आल्प्समधली सगळ्यात मोठी. पण शेवटचा सगळा प्रवास बोगद्यातला, वर गर्दी, आणि पूर्ण भाडं माणशी दोनशे फ्रँकांहून जास्त. पासवर ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत फुकट आणि त्यापुढे फक्त पंचवीस टक्के सूट. 2020 च्या शेवटी सुरू झालेल्या आयगर एक्स्प्रेस या रोपवेच्या पाळण्याने ग्रिंडेलवाल्डहून पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला पोचता येतं, पण साठीच्या माणसांना इतक्या झपाट्याने इतक्या उंचीवर नेऊ नये असं माझं मत आहे.

गोर्नरग्राटची गाडी 1898 पासून विजेवर चालते, जवळजवळ सगळी उघड्यावरून. 3,089 मीटर, झेरमाटहून 33 मिनिटं, पासवर निम्मं भाडं, आणि पूर्ण वाट मॅटरहॉर्न समोर. श्पीत्सहून फिस्पला गाडी बदलून दोन तासांच्या आत झेरमाट, म्हणजे तिथे मुक्कामाची गरज नाही. वडिलांना आणखी एक सांगा: या मार्गावरची दातेरी रुळाची पद्धत रोमान आब्ट या स्विस इंजिनिअरची, आणि निलगिरीच्या मेट्टुपालयम-उटी गाडीलाही तीच आहे. तिथली जुनी दातेरी इंजिनं स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यातच बनलेली. तुमच्या कुटुंबासाठी मी गोर्नरग्राट निवडेन. वडिलांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर दोन्हीपैकी कुठेही जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि वर गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं बसून काढा.

मेच्या शेवटाचा तुमचा खरा फायदा धबधब्यांत आहे. बर्फ वितळत असतो, पाणी भरात असतं. लाउटरब्रुनेनच्या दरीत दोन्ही कड्यांवरून पाणी कोसळतं. श्टाउबबाख जवळजवळ तीनशे मीटरवरून येतो आणि खाली पोचेपर्यंत त्याचा नुसता फवारा झालेला असतो. तिथून बसने ट्र्यूमेलबाखला जा. हा धबधबा डोंगराच्या आत आहे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ या तिघांच्या हिमनद्यांचं पाणी दहा टप्प्यांनी खडकातून खाली येतं, भरात असताना सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. आतल्या लिफ्टने बरंच वर जाता येतं, पुढे ओल्या पायऱ्या आहेत. आईंनी लिफ्ट जिथे सोडते तिथल्या कठड्यापर्यंत जावं. तिथेही पायाखालची जमीन थरथरताना जाणवते आणि शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी ओरडावं लागतं. इथे पास चालत नाही, तिकीट वेगळं. त्याच दिवशी पाळणा आणि छोट्या गाडीने म्युरेनला जाऊन या, कड्याच्या टोकावरचं ते गाव पासमध्येच आहे.

इंटरलाकेनहून या दरीत जाताना एक लक्षात ठेवा. गाडी त्स्वाइल्युचिनेनला दुभंगते, अर्धे डबे लाउटरब्रुनेनला, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. फलाटावर कुठले डबे कुठे जाणार ते लिहिलेलं असतं, डब्याच्या पाटीवरही असतं. पाचही जणांनी एकाच भागात चढायचं.

पावसाचा दिवस आला तर हिरमुसू नका. श्पीत्सहून बोटीने ओबरहोफेन आणि थून करा, बोट पासमध्येच आहे. थूनचा किल्ला बाराव्या शतकातला, चार कोपऱ्यांना चार मनोरे असलेला जाडजूड चौकोन. ओबरहोफेनचा त्याच्या उलट: पाण्यात पाय टाकून बसलेला, नंतरच्या मालकांनी सजवून महाल केलेला. लेकीला दोन्ही एकाच दिवशी दाखवा, किल्ला लढण्यासाठी असतो तेव्हा कसा दिसतो आणि राहण्यासाठी असतो तेव्हा कसा, ते तिचं तिला कळेल. लहान संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेवढं बघून ठेवा.

सातव्या दिवशी श्पीत्सहून त्स्वाइझिमेन मार्गे माँत्रो. इंटरलाकेन बाजूचे रूळ रुंद, त्स्वाइझिमेनच्या पुढे मीटर गेज. 2022 च्या डिसेंबरपासून इथे एक गाडी स्टेशनात चालता चालता चाकांमधलं अंतर बदलून सरळ पुढे जाते. वडिलांसाठी हीच गाडी पकडा. श्पीत्सला फलाटावर आलेल्या साध्या गाडीने गेलात तर त्स्वाइझिमेनला समोरच्या फलाटावर बदलायचं, एवढाच फरक. शेवटच्या टप्प्यात बोगद्यातून बाहेर पडल्यावर एकदम खाली जिनिव्हा सरोवर उघडतं आणि गाडी वळणं घेत द्राक्षमळ्यांतून उतरते.

माँत्रोजवळचा शियोंचा किल्ला हा तुमच्या लेकीचा दिवस. सरोवरातल्या खडकावर, काठापासून हातभर अंतरावर. एका बाजूला उभा डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल पाणी, मधून जेमतेम एक वाट, आणि ती वाट ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतून इटलीला जाणारी. साव्हॉयच्या सरदारांनी इथे बसून व्यापाऱ्यांकडून जकात घेतली, आपल्या नाणेघाटासारखीच. किल्ल्याची रचना नीट बघा: जमिनीकडच्या भिंती जाड, बुरुजांच्या, बाणांसाठी अरुंद फटी. सरोवराकडची बाजू नाजूक, मोठ्या खिडक्यांची, कारण पाण्याकडून हल्ल्याची धास्ती कमी. सरदाराच्या निजायच्या खोलीत चौदाव्या शतकातली प्राण्यांची चित्रं भिंतीवर अजून ओळखू येतात. तळघरात फ्रांस्वा बोनिव्हार याला खांबाला साखळदंडाने बांधून ठेवलं होतं. 1536 साली बर्नच्या सैन्याने किल्ला घेतला तेव्हा तो सुटला. तळघराची एक भिंत म्हणजे सरळ मूळ खडक आहे. तीन तास ठेवा, घाई करू नका. पास असेपर्यंत प्रवेश फुकट, म्हणून आठव्या दिवशीच जा.

आता पासचा हिशोब. स्विस ट्रॅव्हल पास सलग 3, 4, 6, 8 किंवा 15 दिवसांचा मिळतो. तुम्ही आठ दिवसांचा घ्या, उतरल्या दिवसापासून. लेकीसाठी फॅमिली कार्ड मागा, सोळा वर्षांखालचं मूल पासधारक आईबापांबरोबर फुकट फिरतं. नवव्या दिवशी माँत्रोचं हॉटेल देतं ते पाहुण्यांचं कार्ड स्थानिक बससाठी पुरतं, आणि दहाव्या दिवशी जिनिव्हा विमानतळाचं सुटं तिकीट आधी घेतलं तर स्वस्तात मिळतं. पहिला की दुसरा वर्ग? दुसरा. डबे स्वच्छ आहेत आणि बाहेरचं दृश्य तेच आहे.

ल्युसर्न आणि एंगेलबर्गचं टिटलिस शिखर गाळलं म्हणून नातेवाईक विचारतील. तिन्ही दिवस हवा चांगली लागली तर एक दिवस इंटरलाकेनहून ब्र्युनिग घाटाच्या गाडीने ल्युसर्न, तिथून बोटीने फिट्सनाउ, आणि 1871 सालची, युरोपातली पहिली दातेरी डोंगरी रेल्वे घेऊन रिगीवर जा. बोट, गाडी, डोंगर सगळं पासमध्ये. दिवस लांबतो, पण उजेड रात्री नऊपर्यंत असतो. मला जास्त वाईट वाटतं ते बेलिन्झोनाचे तीन किल्ले राहतात याचं. खोऱ्याची वाट तटबंदीने पूर्ण अडवणारं तसं काम आल्प्समध्ये क्वचित बघायला मिळतं. पण ते या वाटेवर नाही.

खाण्याचं: आईवडील कडक शाकाहारी असतील तर हे माहीत असू द्या की ग्र्युयेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट दूध साकळवायला वापरतात. सुपरमार्केटमध्ये वेष्टणावर शाकाहारी खूण बघून घ्या. श्पीत्सला हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, चार रात्री वरणभात होईल. रविवारी दुकानं बंद असतात, स्टेशनांवरची तेवढी उघडी. पाणी विकत घेऊ नका, चौकातल्या हौदांचं पाणी पिण्याजोगं असतं, नसेल तिथे तशी पाटी असते.

पास व्हिसा हातात आल्यावर घ्या, त्याआधी घाई नको. मुक्काम मात्र आधी धरावे लागतील, आणि ते रद्द करता येण्याजोगे धरा. श्पीत्सचं घर ठरवताना नकाशावर बघा की ते स्टेशनच्या पातळीवर आहे की खाली तळ्याजवळ. फोटोत तळ्याकाठचं घर जास्त सुंदर दिसेल, पण रोज संध्याकाळी फिरून दमून आल्यावर बस चुकली तर आईंना तो उतार पायी उतरावा लागेल आणि सकाळी चढावा लागेल. स्टेशनच्या बाजूचं घ्या, तळं तिथूनही दिसतं.